डोंगरमाथ्यावरील प्राणी आणि साहाय्यित स्थलांतर

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळी हे गाव आहे. तेथील सपाट भातशेती कावेरीच्या पाण्यावर पोसली जाते. या पाण्याचा काही भाग भवानी व अमरावती या उपनद्यांतून येतो. नकाशात त्यांच्या उगमाकडे पाहिले असता निलगिरी व आनैमलै पर्वत दिसतील. तेथील गवताळ माथ्यांवर व कड्यांवर निलगिरी ताहर हा रानशेळीसारखा प्राणी राहतो. तमिळ भाषेत त्यास ‘वरैयाडु’, म्हणजे कड्यावरची शेळी, म्हणतात. सह्य पर्वताच्या दक्षिण भागावाचून तो जगात अन्यत्र आढळत नाही. २०२५ सालच्या गणनेत तमिळनाडूत १,३०३ ताहर आढळले.

हजार मीटर वर चढल्यास हवेचे तापमान साधारणतः ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणून हवा एक अंशाने तापली, तर पूर्वीचा गारवा मिळण्यास सुमारे १५० मीटर वर जावे लागते. परंतु पर्वत वर निमुळता होतो. जागा कमी होते आणि माथ्यावर वाट संपते. दुसऱ्या शिखराकडे जावे, तर मध्ये उष्ण दऱ्या आडव्या येतात.

अशा वेळी मनुष्याने प्राण्यास अनुकूल प्रदेशात नेऊन सोडणे, यास साहाय्यित स्थलांतर म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात पाऊस घटून पाणथळी लवकर आटू लागल्या. म्हणून २०१६ साली तेथील दुर्मिळ दलदली कासवाची काही पिले दूर दक्षिणेस, अधिक थंड व ओलसर प्रदेशात, प्रयोगादाखल सोडण्यात आली.

हा उपाय निर्धोक मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातूनच निलगिरीत आणलेल्या वॅटल वृक्षाने तेथील गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणावर व्यापला आणि ताहराचे चरणे आक्रसले. नवा रहिवासी जुन्यास मारक ठरू शकतो. त्याच्यासमवेत रोगही येऊ शकतात.

शिवाय ताहरास न्यावे कोठे? दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर आनैमुडी (२,६९५ मीटर) त्याच्याच प्रदेशात आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटरच उंच आहे. २०२२ साली तमिळनाडू सरकारने हाती घेतलेल्या ताहर प्रकल्पात, तो पूर्वी जेथे नांदत होता तेथे त्यास पुन्हा वसविण्याचा व गवताळ प्रदेश पूर्ववत करण्याचा उद्देश आहे. सारांश, स्थलांतर हा अखेरचा उपाय होय. असलेले घर राखणे हा पहिला.

अभ्यास : हवा दोन अंशांनी तापल्यास ताहरास किती मीटर वर जावे लागेल?