पूर्वअटीचे विषय परक्या विद्यापीठातून घेताना

स्पीच थेरपी शिकण्याचे भारतातले मुख्य दार म्हणजे बीएएसएलपी. बारावी विज्ञान, त्यानंतर तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा हा पदवीक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाला जोडलेले टोपीवाला महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ ही त्याची परिचित ठिकाणे. मानसशास्त्रात बीए झालेल्याला पुढच्या एमएस्सीला थेट प्रवेश मिळत नाही, आधी बीएएसएलपीच करावे लागते.

अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे व्यवसायात शिरण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, पण पहिली पदवी कोणत्याही विषयाची चालते. अट इतकीच, की स्वनविज्ञान, वाचा व श्रवण यांची शरीररचना, मुलांचा भाषाविकास, श्रवणविज्ञान यांसारखे पायाचे विषय आधी पुरे केलेले असावेत. हे विषय सगळ्याच विद्यापीठांत दर सत्राला लागत नाहीत, लागले तर जागा भरतात. अशा वेळी नाव एका विद्यापीठात ठेवून एखादा विषय दुसऱ्या विद्यापीठातून घेण्याची सोय असते, तिला क्रॉस-एन्रोलमेंट म्हणतात. प्रस्तुत लेखिकेने मुंबई विद्यापीठाची मानसशास्त्राची पदवी घेतल्यावर कर्जतच्या घरी बसून, ऑनलाइन, हाच मार्ग धरला. त्यात दोन सत्रे वाया गेली. अभ्यास जमला होता, हिशेब चुकला.

चूक क्रेडिटच्या मापात होती. अमेरिकेतली काही विद्यापीठे वर्षाची सेमिस्टर पाडतात, काही क्वार्टर. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचे, क्वार्टर दहा. त्यामुळे क्वार्टरचे एक क्रेडिट सेमिस्टरच्या दोन-तृतीयांश भरते. मूळ विद्यापीठाला स्वनविज्ञानाची 3 सेमिस्टर क्रेडिट हवी होती, दुसऱ्या विद्यापीठातला विषय 4 क्वार्टर क्रेडिटचा होता. चार म्हणजे तिनापेक्षा जास्तच, असा सरळ हिशेब धरला गेला. प्रत्यक्षात चाराचे 2.67 झाले आणि विषय अपुरा ठरला. समुपदेशकाने फोनवर ‘चालेल’ म्हटले होते, पण त्या शब्दाला कागद नव्हता. विषय देणाऱ्या विद्यापीठाचे मत इथे कामाचे नसते, तो मोजून घेणाऱ्या विद्यापीठाचे असते. म्हणून फी भरण्याआधी विषयाचा क्रमांक, क्रेडिटचे रूपांतर आणि चालणारी किमान श्रेणी, या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्याव्यात.

नाव सारखे म्हणून विषय सारखा असतो असेही नाही. भाषाशास्त्र विभागातले स्वनविज्ञान जगभरच्या ध्वनींचे असते. उपचाराच्या विभागात रुग्णाचे बोलणे ऐकून ध्वनिलिपीत उतरवण्याचा सराव लागतो, तोही अमेरिकन इंग्रजीचा. मराठी कानाला तो जड जातो. इंग्रजी शब्द मराठीत लिहिताना आपण ‘व्ह’ आणि ‘व’ वेगळे काढतो, बोलताना मात्र दोन्ही एकाच ओठांनी म्हणून मोकळे होतो. उलट ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन च आपल्याला शिकवावे लागत नाहीत. आगरी बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. तो बोलीचा नियम आहे, वाचादोष नव्हे. हा भेद ज्या विषयात शिकवतात तो अपुरा ठरल्याची हळहळ अधिक होती.

अभ्यासक्रमाबाहेरच्या अटी अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या. तिचे आद्याक्षरी नाव ‘आशा’ असल्याने कर्जतकडे घरच्यांना आधी आशाताईच आठवतात. या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक शास्त्र आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र हे विषय महाविद्यालयीन पातळीचे लागतात. बारावीचे फिजिक्स त्यात धरत नाहीत. संख्याशास्त्रही स्वतंत्र विषय म्हणून हवे. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या पेपरात मिसळून शिकलेले लेखिकेचे संख्याशास्त्र मोजले गेले नाही.

याशिवाय प्रत्यक्ष उपचार पाहण्याचे 25 तास लागतात. हे तास ज्यांच्या देखरेखीखाली होतात, त्यांच्याकडे त्याच संघटनेचे प्रमाणपत्र असावे लागते. पहाटेची कर्जत लोकल, दादरला गाडी बदलणे, मग रुग्णालयातल्या बाकावर वही घेऊन बसणे, असे सगळे तास मुंबईत पूर्ण झाले. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवले, पण त्यांच्याकडे ते प्रमाणपत्र नव्हते, आणि फॉर्मवर सही घेण्याच्या दिवसापर्यंत हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

गुणपत्रिका आपोआप पोहोचेल असे धरून चालू नये. सीएसडीकॅस या सामाईक अर्जप्रणालीत जिथे जिथे शिक्षण झाले त्या प्रत्येक संस्थेची गुणपत्रिका वेगळी मागवावी लागते, एकाच विषयासाठी नाव घातलेले विद्यापीठही त्यात आले. भारतीय पदवीचे मूल्यमापन त्याहून निराळे करून घ्यावे लागते. मुंबई विद्यापीठाची कागदपत्रे काढायला लागणारे दिवस त्यात धरूनच अर्जाची तारीख ठरवावी.

घरून शिकणाऱ्याला घड्याळही पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सहाचा तास कर्जतला हिवाळ्यात पहाटे साडेचारला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे जातात आणि तोच तास इथे साडेतीनला येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेचार. मार्चमधल्या त्या आठवड्यात लेखिका सत्रपरीक्षेला साडेचारला बसली, तेव्हा पेपर सुरू होऊन एक तास झाला होता.