बंदी घातली चिटावर, फायदा झाला कोणाला?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, "रंग पक्का आहे ना?" याच एका प्रश्नापायी तीनशे वर्षांपूर्वी युरोपात कायदे झाले, दंगे झाले आणि शेवटी आपल्या कारागिरांची रोजी गेली. ही हकीगत प्रत्येक कापडवाल्याने समजून घ्यावी अशी आहे.

सतराव्या शतकात मछलीपट्टणम, कोरोमंडल किनारा आणि गुजरात इथले छापील व रंगीत सुती कापड इंग्रज, डच व फ्रेंच कंपन्या जहाजे भरभरून नेत. इंग्रजीतला 'कॅलिको' शब्द कालिकत बंदरावरून पडला, तर 'चिंट्झ' हा आपला छींट किंवा चीट. माल हलका, स्वस्त आणि धुतला तरी रंग कायम. मोलकरणीपासून बड्या घरच्या बायकांपर्यंत सगळ्यांना त्याने वेड लावले.

त्यामुळे तिथले लोकर व रेशीम विणणारे विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने 1686 साली या कापडावर बंदी घातली. इंग्लंडने 1701 पासून रंगीत व छापील कापड देशात वापरण्यासाठी आणणे बंद केले. 1719 साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले. चीट नेसलेली बाई दिसली की तिच्या कपड्यांवर शाई, तेजाब फेकायचे, अंगावरचे कापड फाडायचे, इथवर मजल गेली. मग 1721 साली दुसरा कायदा झाला. नेसणाऱ्याला पाच पौंड आणि विकणाऱ्याला वीस पौंड दंड!

आता गंमत पाहा. पहिल्या बंदीत कोरे पांढरे कापड आणायला मुभा होती. लंडनच्या छापणाऱ्यांनी तेच मागवून त्यावर छपाई सुरू केली. दुसऱ्या बंदीत हीही वाट अडली, पण तागाचा ताणा आणि सुताचा बाणा असलेले कापड सुटले. 1736 साली त्याला कायद्याने स्पष्ट परवानगी मिळाली आणि मँचेस्टरकडचा धंदा वाढला. 1774 साली तिथे बनलेल्या निव्वळ सुती छापील कापडावरची बंदीही उठली. म्हणजे बंदी मागितली रेशीम-लोकरवाल्यांनी आणि फळ खाल्ले सुती कापडवाल्यांनी.

फ्रान्समध्येही लोक चोरून चीट वापरतच राहिले. बंदी 1759 साली उठली आणि 1760 साली ओबरकाम्फ नावाच्या जर्मन कारागिराने पॅरिसजवळच्या जूई गावी छपाईचा कारखाना काढला. तो पुढे फार नावाजला.

पण पक्का रंग त्यांना जमला कसा? युरोपात पूर्वी नक्षी छापत, पण ती धुतली की जाई. आपल्या कारागिराचे कसब निराळे होते. तो कापडाला आधी हिरडा आणि म्हशीचे दूध लावी. जिथे लाल हवा तिथे तुरटीचे पाणी, जिथे काळा हवा तिथे लोखंडाचे पाणी. मग लाल मुळीच्या काढ्यात कापड उकळायचे. तुरटी असेल तिथेच लाल रंग पक्का धरे, बाकीचा धुऊन निघे. निळ्यासाठी नको तेवढा भाग मेणाने झाकून कापड निळीच्या हौदात बुडवायचे. ही सगळी रीत कोरोमंडलच्या कारागिरांना विचारून केर्डू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1742 साली पत्राने मायदेशी कळवली. पिढ्यान्पिढ्यांचे हुन्नर कागदावर उतरले, पण सांगणाऱ्या उस्तादांची नावे बाजारात कोणालाच ठाऊक झाली नाहीत.

पुढे यंत्रे आली आणि एकोणिसाव्या शतकात विलायती छापील कापड आपल्याच बाजारात विकायला आले.

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, सरकारी बंदीने किंवा जकातीने धंद्याला सवड मिळते, पण गिऱ्हाइकाची आवड बदलत नाही. सवडीचा उपयोग करून माल सुधारेल तोच टिकेल.

दुसरी, गिऱ्हाईक कोण हे कारागिराला माहीत हवे. आपला कारागीर कंपनीच्या दलालाकडून पेशगी घेई आणि माल त्याच्या हवाली करी. लंडनच्या बाईला काय आवडते ते कंपनीला कळे, त्याला नाही. दोर दुसऱ्याच्या हाती राहिला.

तिसरी, हुन्नर आणि नाव दोन्ही जपावे. 1999 साली झालेला भौगोलिक निर्देशांकाचा कायदा 2003 पासून अमलात आहे. त्याखाली उत्पादकांच्या संघटनेला आपल्या गावच्या मालाचे नाव नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची असते व पुन्हा वाढवून मिळते. मात्र या कायद्याने नाव राखले जाते, रीत नव्हे. रीत राखायची तर उस्तादांनी रंगाची मापे वहीत लिहून ठेवावीत आणि शागिर्दांना मनापासून तालीम द्यावी. आपल्या हुन्नराची वही आपल्याच घरात असलेली बरी.