कसं वाटतंय, असं विचारू नका

२०२०च्या मार्चमध्ये मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. एरवी हे पद म्हणजे पाण्याची टाकी, मेंटेनन्सची थकबाकी आणि पार्किंगची भांडणं. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला आणि घराघरांतून मला फोन यायला लागले. ‘भाजीचा टेम्पो कधी येणार?’ असं विचारत सुरू झालेला फोन भाजीवर क्वचितच संपायचा. माणसं मनातलं कोणकोणत्या वाटांनी बाहेर काढतात, ते त्या काळात थोडं कळलं.

१. भीती आधी भांडते

दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज तक्रार करायचे. अमक्याचा मुलगा मास्क न लावता कचरा टाकायला गेला, तमक्यांनी कुरिअरचा खोका तसाच वर नेला. नियमाला नियमाने उत्तर देत बसले असते, तर ते कधीच संपलं नसतं. एकदा मी मध्येच विचारलं, “काका, काकूंच्या डायलिसिसला गाडी मिळाली का?” त्यावर ते बराच वेळ बोलत राहिले. नाकाबंदीवर दाखवायचे कागद, हॉस्पिटलात एकमेकांपासून लांब मांडलेल्या खुर्च्या, घरी आल्यावर दारातच कपडे बदलणं. तक्रारी नंतरही आल्या, पण त्यांची धार गेली. तावातावाने भांडणाऱ्याला, घरी कोण आजारी आहे, हे आधी विचारावं.

२. कृतज्ञतेची परीक्षा लिफ्टमध्ये होते

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी ५ वाजता आमच्याकडेही थाळ्या वाजल्या, शंख फुंकले गेले. टिंगल करणाऱ्यांनी ती केली. पण एकट्याने घाबरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून गोंगाट केला की बरं वाटतं, हे खोटं नाही. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे लागले, तेव्हाही तेच दिसलं. गाडं अडलं ते पुढे. आमच्याच सोसायटीतल्या ज्या नर्स सिस्टरसाठी थाळ्या वाजल्या, तिने काही दिवस दुसरीकडे राहावं, असा मेसेज ग्रुपवर आला. असे प्रकार देशभर घडत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले, आणि २२ एप्रिलला केंद्राने त्याविरुद्ध वटहुकूम काढला. गंभीर इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद! आमच्या कमिटीने ठरवलं, सिस्टर लिफ्टनेच जाईल, ज्यांना भीती वाटते त्यांनी जिना वापरावा. टाळी वाजवायला काही लागत नाही. लिफ्ट वाटून घ्यायला लागतं.

३. गाडीतलं बोलणं घरात आपोआप येत नाही

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. सर्वसामान्य प्रवाशांना ती पुन्हा मिळाली १ फेब्रुवारी २०२१ला, तीही ठरावीक वेळांतच. आमच्याकडच्या पुरुषांचा पगार, बढती, बापाचं आजारपण, मुलीचं लग्न, सगळं बोलून व्हायचं ते गाडीतल्या ग्रुपमध्ये. ते अचानक घरात आले आणि गप्प झाले. ह्यांच्या डब्यातल्या भजनी मंडळाने व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिलं. आवाज मागेपुढे पोचायचा, टाळ जुळेनात. शेवटी एकाने गायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरी टाळ धरायचा, असं ठरलं. भजन संपल्यावर मात्र कॉल बराच वेळ चालायचा. कंपनी पगार कापणार, ही बातमी आमच्या घराला त्या कॉलवरून कळली. समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की ही माणसं मिटतात. हाताला टाळ हवा, नाहीतर निवडायला भाजी.

४. रडायलाही जागा लागते

वन रूम किचनमध्ये सहा माणसं, त्यात एकाचं ऑफिस आणि दोघांची शाळा. तिथे मन मोकळं करायचं कुठे? नळ सोडून मोरीत रडणाऱ्या बायका मला माहीत आहेत. आम्ही गच्चीचं वेळापत्रक केलं. अर्धा तास एका घरातलं एकच माणूस, किल्ली वॉचमनकडे. कारण विचारायचं नाही, एवढा एकच नियम. कुणी फेऱ्या मारल्या, कुणी फोनवर माहेरी बोललं, एकीने वही भरली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत ते विद्यार्थी दवाखान्यात कमी वेळा गेले. तिला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला अर्धा तास मिळाला, एवढंच.

५. आपल्यावर अवलंबून असलेला माणूस मन मोकळं करत नाही

कामाच्या मावशींना गेटवरच बंदी होती. आमच्या मावशी फोन करून विचारायच्या, “ताई, कुंड्यांना पाणी घालता ना? तुळस वाळली नाही ना?” प्रश्न तुळशीचा नव्हताच. काम राहील का, हे थेट विचारलं तर ‘नाही’ ऐकावं लागेल, ही धास्ती होती. मी सांगितलं, “पगार चालू आहे आणि काम तुमचंच आहे.” त्यानंतर त्या रडल्या. नवऱ्याची रिक्षा बंद होती आणि गावाकडे जायला गाडी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आधी पोटाची हमी द्यावी लागते. त्याशिवाय विचारपूस म्हणजे समोरच्याला पेचात टाकणं.

६. लहान दुःखाला मोठ्याचा धाक दाखवू नये

त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. शेजारची मुलगी एक दिवस नाचली आणि मग आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. शेवटचा पेपर संपल्यावर मैत्रिणींसोबत पाणीपुरी खायची, शर्टावर सह्या घ्यायच्या, असं वर्षभर ठरलेलं होतं. “लोक मरतायत आणि तुला पाणीपुरी सुचते?” असं तिची आजी म्हणाली. आजीचं खोटं नव्हतं. ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. पण त्यांच्या दुःखाच्या मापाने तिचं दुःख मोजून ते कमी होणार नव्हतं. ते फक्त लपलं असतं.

७. शोकाला साचा पुरत नाही

अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. कोरोनाने गेलेल्यांच्या बाबतीत तर कित्येकदा घरच्यांना जवळही जाता आलं नाही. ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेल्या हातांची रांग लागायची. २०२१च्या एप्रिलमध्ये तर एकाच्या रांगेत दुसऱ्याची बातमी यायची. खरा आधार वाटायचा तो नेमक्या आठवणीचा. ‘तुमच्या बाबांनी गणपतीत माझ्या मुलाला हार्मोनियमवर पहिली सुरावट शिकवली.’ भेटीला जाता येत नसेल, तर असं एक वाक्य लिहावं. ते घरात मोठ्याने वाचलं जातं.

८. नेमकं विचारावं

आता लॉकडाऊनचा विषय निघाला की डालगोना कॉफी, घरी कापलेले केस आणि दूरदर्शनवरचं ‘रामायण’ एवढंच निघतं. हसू येतं आणि विषय संपतो. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलं, तर ‘गेले दिवस’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारावं, “तेव्हा तुमच्याकडे दूध कोण आणायचं?” माणूस गेटपाशी धुतलेल्या पिशव्यांपासून सुरुवात करतो आणि मग पुष्कळ पुढे जातो. म्हणून हा प्रश्न घाईत असताना विचारू नये, आणि विचारला तर मध्येच घड्याळ पाहू नये.