परदेशी नोकरी : आधी कागद, मग विमान

सोलापूर हे कष्टकऱ्यांचं गाव. इथले किती तरी विणकर मूळचे तेलंगणातले. त्यांचे वाडवडील आले, तेव्हा तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. पोटासाठी मुलूख सोडण्यात कमीपणा नाही. आज कोणी दुबईला, कोणी कतारला जायचं म्हणतो. जरूर जावं, पण सरळ वाटेनं जावं, असं आम्ही सांगतो.

परक्या देशात काम करायला त्या देशाची परवानगी लागते. तिला कामाचा व्हिसा म्हणतात. फिरायला जाण्याचा व्हिसा वेगळा. त्यावर नोकरी करता येत नाही. दलाल म्हणतो, "आत्ता असाच चल, तिथं बदलून घेऊ." अशा वेळी पाय मागे घ्यावा. पकडलं तर दंड होतो, तुरुंगही घडतो. मजुरी बुडाली तर दाद मागणं अवघड. घरचं कर्ज मात्र तसंच राहतं.

माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटाने सरकारात नोंद केली पाहिजे, असा १९८३ चा कायदा आहे. नोंदलेल्या एजंटाला नंबर मिळतो. तो मागून घ्यावा. 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नंबर खरा की खोटा ते कळतं. आपल्याला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून पाहून घ्यावं. एजंटाला आपल्या कामाचे ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. पैसे दिले की पावती घ्यायचीच.

दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट बहुधा 'ईसीआर' प्रकारचा असतो. अशा माणसाला सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाताना आपल्या सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी करारपत्र दाखवावं लागतं. १० लाख रुपयांचा विमाही उतरवावा लागतो. ही अडवणूक नव्हे, राखण आहे.

करारपत्रात चार गोष्टी पाहाव्या. पगार किती? कामाचे तास किती? राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा? परतीचं तिकीट कोण देणार? त्याची एक प्रत घरी ठेवावी. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो मालकाच्या हवाली करू नये.

१८३४ सालापासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्या देशातले मजूर नेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. करारात काय लिहिलंय ते पुष्कळांना वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला आणि जहाजात बसले. आपल्याला आता अक्षरं येतात. तेव्हा आधी वाचायचं, मग सही करायची.

प्रश्न
१. फिरायच्या व्हिसावर काम का करू नये?
२. एजंट खरा आहे हे कसं ओळखाल?
३. करारपत्रातल्या चार गोष्टी वहीत लिहा.