नव्या डिस्कवर लिहिता का येत नाही?

समजा, कर्जत-खालापूर भागातील तुमच्या शाळेत लिनक्स संगणकाला नवी डिस्क जोडली, म्हणजेच ‘माउंट’ केली. पावसाच्या नोंदी तुम्ही तिच्यावर लिहू गेलात, तर उत्तर येते, ‘परवानगी नाही!’ असे का व्हावे?

एक्स्ट-४ पद्धतीत प्रत्येक फायलीच्या मालकाचा क्रमांक डिस्कवरच नोंदलेला असतो. नव्या डिस्कचा मुख्य फोल्डर बहुधा व्यवस्थापकाच्या, ‘रूट’च्या, मालकीचा असतो. शिक्षकांनी डिस्क जोडल्यानंतर तो विद्यार्थ्यांच्या गटाला देऊन लिहिण्याची मुभा द्यावी. मात्र मग गटातील कोणीही तुमच्या नोंदी पुसू शकेल! त्यासाठी फोल्डरला ‘स्टिकी बिट’ लावावा. फाईल तिचा मालक किंवा रूट यांनाच पुसता येते.

पेनड्राइव्हवरील फॅट पद्धत निराळी. तीत मालकाची नोंद ठेवायला जागाच नाही. म्हणून मालक व गट जोडतानाच सांगावे लागतात.