टकटक ऐकलीस की बटण बंद

पोरी, स्टुडिओ आता तुझ्या हातात. कॅमेऱ्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी हार्ड डिस्कचंच सांगतो. लोकांची लग्नं, बारशी, गेलेल्या माणसांचे शेवटचे फोटो तिच्यात असतात. ते पुन्हा काढता येत नाहीत.

आतल्या गोल चकत्या म्हणजे प्लॅटर. आरपीएम म्हणजे त्या मिनिटाला किती फेरे घेतात ते. ७२०० ची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड! म्हणून डिस्क चालू असताना टेबल सरकवायचं नाही. एक्स्टर्नल डिस्क इजेक्ट करूनच काढायची, नाहीतर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, लिहायचं राहिलेलं वाया जातं. बेळगावला पॅसेंजरने नेशील तेव्हा नीट गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत ठेव, वरच्या रॅकवर नको.

१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते. गिऱ्हाईक विचारेल, तर सांग की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. आणि लग्नाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असणार. त्यात ४ जीबीपुढची एक फाइल मावत नाही. आतलं सगळं आधी काढून घे आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर.

आता खरं महत्त्वाचं. डिस्क लिहिते ती सेक्टरमध्ये; पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे, आता बहुतेक ४०९६ चा. एखादा खराब झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरते आणि स्मार्ट नावाच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदवहीत ते टिपून ठेवते. दर सोमवारी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून तीन ओळी बघ. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले. ०५ चा आकडा एकदा चढून थांबला तर लक्ष ठेव. चढतच राहिला, किंवा सी५ शून्य नसेल, तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरव. सी७ एकटाच वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा. आधी केबल बदल, डिस्क टाकून देऊ नकोस.

टकटक ऐकू आली तर मात्र आकडेही बघत बसायचं नाही. हेडला जागा सापडत नाही, ते पुन्हापुन्हा धडपडतंय आणि चकती ओरबाडली जाऊ शकते. बटण बंद. पुन्हा चालू करून बघायचं नाही, झाकण उघडायचं नाही, रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. चुकून क्विक फॉरमॅट झालं तर घाबरू नकोस, त्यात फक्त यादी पुसते. पण त्या डिस्कवर नवीन एक फोटोही टाकू नकोस.

आपल्या लोंढा गावचा पाऊस तुला माहीत आहे. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावर लेबल चिकटवू नकोस. पावसातून आणलेली डिस्क तासभर तशीच राहू दे, मग लाव. वळवाला वीज कडाडू लागली की यूपीएसवर विसंबायचं नाही, प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढायच्या.

प्रत्येक कामाच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या डिस्कवर. दुसरी स्टुडिओत नको, तुझ्या मावशीकडे खानापूरला ठेव. तीन-चार महिन्यांनी जाशील तेव्हा ती लावून दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघ.