वैनगंगेची मोजपट्टी

भंडारा शहराच्या पूर्वेस, वैनगंगेच्या पैलतीरी कारधा हे गाव वसले आहे. उन्हाळ्यात येथे नदी वाळूतून संथपणे वाहते. परंतु श्रावण-भाद्रपदात तिचे रूप पालटते. गढूळ पाणी तट भरून धावू लागते, जुना लहान पूल रहदारीस बंद करावा लागतो, आणि दोन्ही तीरांवरील लोकांच्या मुखी एकच प्रश्न असतो : “पाणी किती चढले?”

या प्रश्नाचे उत्तर अनेक प्रकारे देता येईल. “फार चढले,” असे एक जण म्हणेल. “गेल्या वर्षीएवढे नाही,” असे दुसरा म्हणेल. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. पण त्यांच्या बोलण्यावरून घर सोडावे की नाही, हे कोणास ठरवता येईल? त्यासाठी सर्वांस सारखेच कळणारे उत्तर हवे, आणि असे उत्तर केवळ मोजमापानेच मिळते.

कारध्याला वैनगंगेची पातळी मोजली जाते. येथील इशारा पातळी २४५ मीटर, तर धोक्याची पातळी २४५.५० मीटर मानली आहे. हे आकडे ऐकून नदी २४५ मीटर खोल असेल, असे कोणास वाटेल. पण तसे नाही. ही उंची नदीच्या तळापासून नव्हे, तर समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली असते. नदीचा तळ कधी खरवडला जातो, तर कधी गाळाने वर येतो. जो स्वतःच स्थिर नाही, त्यापासून केलेले माप विश्वासास पात्र कसे ठरेल? म्हणून मापनाचा पहिला नियम असा, की शून्य अढळ असावे. शून्य एकच असले, म्हणजे वरच्या गावचा आकडा आणि खालच्या गावचा आकडा यांची तुलना करता येते.

पातळी मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. काठापासून पात्रापर्यंत खुणा केलेल्या उभ्या पट्ट्या रोवलेल्या असतात. पाणी जिथे टेकते, तो आकडा वाचून वेळेसह वहीत नोंदवायचा. पूर चढू लागला, म्हणजे ही नोंद तासातासाला करावी लागते. आता अनेक नद्यांवर आपोआप नोंद करणारी यंत्रेही बसवलेली आहेत.

परंतु धरणांच्या अभियंत्यांना केवळ पातळी कळून भागत नाही. पाणी किती येत आहे, हेही कळावे लागते. त्यासाठी वेगमापक नावाचे यंत्र पाण्यात सोडतात. प्रवाहाच्या धक्क्याने त्याचे चक्र फिरते. ठरावीक वेळातील फेऱ्या मोजून वेग काढतात. समजा, पात्राची रुंदी २०० मीटर, सरासरी खोली ३ मीटर आणि सरासरी वेग सेकंदाला दीड मीटर आहे. या तिन्ही संख्यांचा गुणाकार केला, म्हणजे सेकंदाला ९०० घनमीटर पाणी वाहत आहे, हे कळते. तुमच्या वर्गातील गणिताचे हे केवढे मोठे कार्य!

मोजण्याची ही विद्या पुरातन आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारासमोर भांडे ठेवून पाऊस मोजण्याची रीत सांगितली आहे. कैरो नगरीतील रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये नाईल नदीचे पाणी मोजण्यासाठी खुणांचा दगडी स्तंभ उभारण्यात आला. भारतात पुराचे शास्त्रीय अंदाज देण्यास १९५८ साली दिल्ली येथे यमुनेवर आरंभ झाला.

अंदाजाचे मर्म काय? वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडे पडलेल्या पावसाचे पाणी भंडाऱ्यास पोहोचण्यास वेळ लागतो. पण त्या पाण्याचा आकडा क्षणात येऊन पोहोचतो. पाण्याआधी वार्ता पोहोचली, तर माणसे व गुरे उंचावर नेण्यास अवधी मिळतो. २०२० साली ऑगस्टच्या अखेरीस वरच्या भागात अतिवृष्टी झाली, संजय सरोवर धरणातून पाणी सोडावे लागले, आणि वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहराच्या वस्तीत प्रवेश केला. अशा वेळी एका तासाचेही मोल किती असते, हे पूरग्रस्तांनाच ठाऊक!

यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्यामागे प्रामाणिक माणूस हवा. मुसळधार पावसात पट्टीपर्यंत न जाता एखाद्याने मनानेच आकडा लिहिला, तर ती चूक वहीतच राहत नाही; ती पाण्याबरोबर खालच्या गावांपर्यंत जाते. म्हणून खरे माप घेणे आणि ते जसेच्या तसे नोंदवणे, हे विज्ञानाचे व्रत आहे. अंधारात कंदील किंवा विजेरी घेऊन पट्टी वाचणारा निरीक्षक आपल्या एका आकड्याने हजारोंच्या निद्रेची राखण करीत असतो.

शब्दार्थ
पैलतीर – पलीकडचा काठ. अढळ – न हलणारे. अवधी – मुदत, वेळ. विजेरी – हातातील विजेचा दिवा

स्वाध्याय
१. नदीची पातळी तळापासून का मोजत नाहीत?
२. ‘पाण्याआधी वार्ता पोहोचली पाहिजे,’ याचे कारण सांगा.
३. पात्राची रुंदी १५० मीटर, सरासरी खोली २ मीटर व सरासरी वेग सेकंदाला १ मीटर असल्यास सेकंदाला किती पाणी वाहील?
४. वाक्यात उपयोग करा : रूप पालटणे, विश्वासास पात्र ठरणे.